पळसपापडीचं माप

ती बाई पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आली ती औषधासाठी नव्हे, तराजूसाठी.

पौडला गुरांचा दवाखाना होता. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथे स्टॉकमन म्हणून, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस म्हणून, नुकताच लागलो होतो. वय तेवीस-चोवीस, सगळा जन्म पुण्यात गेलेला. डॉक्टरांकडे आणखी एका दवाखान्याचा भार होता, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस तिथे मी एकटाच असायचो आणि येणारे-जाणारे मलाच डॉक्टर म्हणायचे. मीही फारसं दुरुस्त करत नसे.

श्रावणातली सकाळ होती. डोक्यावरची घोंगडीची खोळ पायरीवर झटकून ती आत आली. चाळिशीची, उंच, हाडापेरानं मोठी. भुकूमच्या वरच्या अंगाला माळावर तिचं घर होतं आणि पन्नासेक मेंढरं होती.

"डागदर, बारीक वजनाचा तराजू हाय का तुमच्यात?"

"आहे. कशाला हवाय?"

तिनं पदराची गाठ सोडली. आत तांबूस, चपट्या, जुन्या पैशाएवढ्या बिया होत्या. पळसाच्या शेंगेतल्या. "ही पळसपापडी. मेंढरांच्या पोटात जंत झालं की आमी देतो. माजी सासू द्यायची, मुठीनं. कुटून पूड करायची, तेवढीच वावडिंगाची पूड घालायची, आन ताकातनं पाजायची. ती गेली दोन वर्सं झाली. गेल्या साली मी माज्या मुठीनं दिलं तर दोन कोकरं गेली. ह्या साली भिऊन चिमूटभर दिलं, तर जंत तसंच." आणि तिनं आपला पंजा माझ्यासमोर पसरला. "ह्यो हात बगा की. सासूचा ह्याच्या निम्मा हुता."

मी शहाणपणानं म्हणालो, "असले झाडपाल्याचे उपाय करण्यापेक्षा आमचं औषध का नेत नाही?"

"हाय का औषद?"

नव्हतं. बाटल्या पंधरा दिवसांपूर्वीच संपल्या होत्या आणि नव्या पुण्याहून कधी येतील ते मला ठाऊक नव्हतं. तिला ते आधीच माहीत होतं, असं मला तिच्या तोंडाकडे बघून वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेलो. मेंढरांची खालची पापणी ओढून पाहिली. जी गुलाबी असायला हवी ती कागदासारखी पांढरी. काहींच्या जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबत होती. मी थोड्या लेंड्या कागदात बांधून घेतल्या. तिचा नवरा बांधावर तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "लेंड्या कागदात बांधून काय व्हनार?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता, पण त्याला आरशावर ऊन लागायचं. जंतांची अंडी वर तरंगावीत म्हणून मिठाच्या दाट पाण्यात लेंडी कुस्करून ठेवली आणि ढग फाटायची वाट पाहत बसलो. ती माझ्या मागोमाग एस.टी.नं आली होती. ऊन पडलं तेव्हा मी आधी स्वतः पाहिलं आणि मग का कोण जाणे, बाजूला सरकून तिला म्हणालो, "बघा."

ती खूप वेळ वाकून राहिली. मग सरळ होत म्हणाली, "ही अंडी?"

"हो. एका लेंडीत इतकी."

"समद्या माळावर हेच पडत आसंल मग." ती खाली बसली. "आन मी तितंच चारती."

त्याच माळावर चरून जंत पुन्हा पोटात जातात, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिनं ते एका नजरेत स्वतःचं स्वतः काढलं. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना माझा आवाज बदलला, असं मला आता वाटतं.

पण किती द्यायचं, हा प्रश्न तसाच होता. माझ्या पुस्तकांत पळसपापडीचं नाव एका ओळीत होतं, माप नव्हतं. वाट तिनंच काढली. चार दिवसांनी ती आली ती बरोबर एका ठेंगण्या, बारीक चणीच्या बाईला घेऊन. ही तिची नणंद, हिंजवडीला दिलेली. तेव्हा हिंजवडी म्हणजे बाभळी आणि ज्वारीची शेतं; तिथून पौडला येणं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या आणि मधे बरंच चालायचं.

"हिचा हात आईवर गेलाय," ती म्हणाली. "समदी म्हनत्यात. हिची मूठ जोखा."

नणंदेला हा काय प्रकार आहे ते नीट सांगितलेलं नसावं. ती लाजून हसत होती. मी टेबलावर कागद पसरला, त्यावर पूड ओतली. तिनं मूठ भरली आणि पारड्यात सोडली. मी वजन लिहिलं. पुन्हा. पुन्हा. पाचव्या वेळी तिनं मूठ भरली आणि तशीच धरून ठेवली.

"आई आशीच धरायची," ती म्हणाली. "आंगठा आत घालून." आणि तिला रडू फुटलं. भावजय तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी वहीत बघत राहिलो.

पाच मुठींची वजनं जवळजवळ सारखी आली. मोठ्या मेंढीला एक मूठ, असं सासूचं माप होतं. कोकरांचं मात्र कुणालाच नक्की आठवेना. तेव्हा माळावर जाऊन बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगला, गोणपाटाच्या झोळीत मेंढी घालून उचलली, मग कोकरू उचललं, आणि वजनाच्या हिशेबानं कोकराचं माप ठरवलं. नवरा लांबूनच ओरडला, "मेंढरं जोखून इकायची हायेत का?" पण झोळीत एक दांडगी मेंढी लाथा झाडू लागली तेव्हा धरायला तोच धावत आला आणि मग संध्याकाळपर्यंत हलला नाही.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ग्रॅम सांगून उपयोग नव्हता. मी रिकाम्या डब्यांची झाकणं एकेक भरून पाहिली. एक पत्र्याचं झाकण बरोबर बसलं. सपाट भरलं की मोठी मेंढी. कोकरासाठी त्याच्या आत खिळ्यानं रेघ ओढून दिली.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासल्या. मी मनातून धरून चाललो होतो की काही फरक दिसणार नाही. दिसला. बहुतेकांच्या लेंड्यांत अंडी खूपच कमी झाली होती, पापण्यांवर रंग येत होता, एकही कोकरू गेलं नव्हतं. पण चार मेंढ्यांत काहीच बदल नव्हता, आणि पाचवी, कळपाच्या पुढे चालणारी तिची लाडकी मेंढी, त्याच आठवड्यात मेली.

तिनं मला बोलावून घेतलं. "फाडून बगा," म्हणाली. "मला कळाया पायजे." ती तिथंच उभी राहिली, तोंड न फिरवता. यकृत कापलं तेव्हा आत पानासारखे चपटे किडे वळवळत होते.

"हे वेगळे," मी सांगितलं. "हे भातखाचरांच्या आणि ओढ्याच्या कडेच्या गवतातून येतात, शंख असतात ना पाण्यात, त्यांच्यापासून. ह्यांच्यावर पळसपापडी चालणार नाही."

"तुमचं औषद चालंल?"

"आलं तर चालेल."

ती मेंढीजवळ खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजी सासूलाबी समदं ठावं नव्हतं." त्यात राग नव्हता. एखादं ओझं उतरावं तसं ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं ओढ्याकाठची चराई बंद केली आणि भादव्यात बाटल्या आल्या तेव्हा रांगेत पहिली तीच होती. ज्या चार मेंढ्यांना तिचं औषध लागू पडलं नव्हतं त्यांना मी माझं पाजलं. दोन वाचल्या.

हे सगळं मी डॉक्टरांना लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, म्हणाले, "छान आहे, पण पन्नास मेंढरांवरून काही सिद्ध होत नाही." ते खरंच होतं. तरी तो कागद त्यांनी परत दिला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला.

पुढची तीन वर्षं मी पौडला होतो. त्या वर्षांत वैशाख लागला की तिच्या अंगणात शेंगांचे ढीग पडलेले असत आणि उन्हात त्या फुटताना बारीक आवाज होई. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया तिच्याकडे येत. ती आधी त्यांना विचारायची, "मेंढरं चारता कुटं?" आणि मगच पूड द्यायची. मला पुण्यातल्या माझ्या घरी पाऊस म्हणजे कपडे न वाळणं एवढंच माहीत होतं. तिथे मला पावसाचं निराळं भय, त्यात वाढणाऱ्या जंतांचं, आणि निराळी तयारी कळली. पापणी ओढून बघायची सवय तर इतकी लागली, की लग्नानंतर बायको थकल्यासारखी दिसली की माझा अंगठा आपोआप तिच्या डोळ्याकडे जायचा आणि ती चिडायची.

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला माळावर गेलो. ती लोकर कातरणाऱ्यांना चहा देत होती. नवरा म्हणाला, "बसा, डागदर."

मी पहिल्यांदाच म्हणालो, "मी डॉक्टर नाही हो. स्टॉकमन आहे."

"ठावं हाय," तो म्हणाला, आणि कप पुढे केला.