साबणवाल्या दादांचा ब्रश

दादा गार करणाऱ्या यंत्रांचे मिस्त्री होते, पण कामाला निघाले की त्यांच्या हातात पाना नसे. असे ती साबणाच्या पाण्याची वाटी आणि दाढीचा ब्रश. अंगात स्वतःच्या लग्नातला काळा कोट, त्यावर तेलाचे डाग. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचा पडदा लावून राहणारा हा सिंधी म्हातारा पूर्वी कराचीत बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायचा. सगळे त्यांना साबणवाले दादाच म्हणत.

यंत्र उघडायची त्यांना भारी नावड. आधी चौकशी. "बंद कब से? आखिर में किसने चलाया? बंद कोणी केला?" डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही हो! एकदा वैतागून मी म्हटलं, "दादा, उघडा ना एकदाचं." तर म्हणाले, "साईं, उघडायला अक्कल नाय लागत. पहले देखो, फिर पूछो, फिर खोलो."

मी तेव्हा अंबरनाथला एका कारखानदार शेठजींचा ड्रायव्हर होतो. त्यांच्या परदेशी मोटारीत थंड हवेचं यंत्र होतं, दम्याने बेजार झालेल्या शेठाणीबाईंसाठी खास मागवलेलं. बाई गेल्या. "बंद ठेव ते," शेठजी म्हणाले. यंत्र फिरवणारा पट्टा काढ असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तो मीच इंजिनावरून उतरवला, धुतल्या धोतरात गुंडाळला आणि घरच्या ट्रंकेत ठेवला. आम्हा बदलापूरकडच्या माणसांची खोडच ती! नवं घोंगडं ट्रंकेत, चांगल्या कपबश्या फडताळात. वापरलं नाही म्हणजे टिकतं, असं आई सांगायची.

चार वर्षांनी, ऐन वैशाखात, शेठजींची लेक बाळंतपणाला यायची होती. यंत्र दुरुस्त करायचं ठरलं. मुंबईचा मिस्त्री आला, बॉनेट उघडून म्हणाला, "पट्टाच नाही. कोणीतरी हात मारलाय. सगळं बदलावं लागेल." शेठजींची नजर माझ्याकडे वळली. नोकरी गेली तर कारखान्याची खोलीही जाणार. बायको आणि दोन पोरींना घेऊन जाऊ कुठे? पट्टा घरी आहे म्हणावं, तर चोर पकडला गेल्यावर माल आणून देतो, तसं दिसलं असतं. मी एवढंच म्हटलं, "बदलण्याआधी आमच्या दादांना एकदा दाखवू."

त्या काळी यंत्राचा गार करणारा भाग डिकीत असायचा. दादांनी तिथल्या नळ्यांच्या एकेका सांध्यावर बोट फिरवून तेलाचा डाग शोधला, मग ब्रशने फेस लावला; गॅस गळत असेल तिथे बुडबुडा धरतो. कुठे काही नाही. शेवटी इंजिनापाशी, यंत्राच्या दांड्याभोवती फेस लावून तो हाताने फिरवला. फेसात एक बारीक बुडबुडा फुगला. दादांचा चेहरा उजळला.

"साँस बाकी है. थोडा गॅस आहे आत. चोरी नाय, काय नाय. चोर नुसता पट्टा कशाला नेईल? दांड्याची चकती सुकली. चालवला असता तर तेल मिळालं असतं तिला." मग माझ्याकडे वळून विचारलंच, "पट्टा कोणी काढला?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

दादांनी ब्रश झटकला. शेठजी लांब व्हरांड्यात होते. दादा हळू आवाजात म्हणाले, "मी पण सगळा संभाळून ठेवला होता, साईं. चांदीची भांडी, रेशमी रजया. पोरांना हात लावू दिला नाय. ताला लगा के आया कराची में. हा कोट अंगावर होता, म्हणून राहिला." वाटी उचलून पुढे म्हणाले, "बाहर का मैंने देख लिया. अंदर का तू बता."

मला स्वतःचीच लाज वाटली. तडक घरी गेलो, पट्टा आणला आणि शेठजींपुढे ठेवला. त्यांनी धोतर उलगडलं, पट्टा हातात घेऊन पाहिला. "बंद ठेव म्हणून मीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "दादांना सांग, काम सुरू करा."

चकती बदलली, गॅस भरला आणि लेक गार हवेत घरी आली. त्यानंतर दर आठवड्याला मी यंत्र थोडं चालवायचो.

दोन वर्षांनी दादा गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या मुलाने तो ब्रश माझ्या हातात दिला. केस झिजून निम्मे राहिले होते. बायको म्हणाली, "द्या इकडे, ट्रंकेत नीट ठेवते."

"नको," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा खिडकीत टेकवून मी त्याच ब्रशने दाढीला बसलो. डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि फेस काही केल्या गालावर टिकेना.