भावोजी आणि दमलेली हवा

हवा या वस्तूवर माझ्या भावोजींइतका हक्क सांगणारा माणूस पनवेलमध्ये दुसरा झाला नाही. भावोजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. त्या काळी ते कर्नाळ्याच्या वाटेवरच्या एका दगडखाणीत इंजिनिअर होते. कॉम्प्रेसर पायथ्याशी, ड्रिलं वर कड्यावर, आणि दाबाची हवा मधल्या लोखंडी पाइपातून वर चढायची. ती वाटेत कुठे, किती दमते याचा अंदाज बांधून यंत्रं निवडायची, हे त्यांचं काम. ते खाणीतच ठेवून घरी येणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते रांग न्याहाळत आणि "जिलबी या टोकापर्यंत पोचायची नाही, उठा!" म्हणून आम्हा सगळ्यांना वाढपी जिथून सुरुवात करत तिथे नेऊन बसवत. पाइपाच्या सांध्यांना फेस लावून गळती शोधायची म्हणून घरातला अंगाचा साबण त्यांच्या खिशातून खाणीवर जाई, आणि ताई बेसन लावून आंघोळ करी.

एका उन्हाळ्यात कड्यावरची टोकाची ड्रिलं दगडाला नुसत्या गुदगुल्या करू लागली. खाणीचे मालक जासईकडचे. ते म्हणाले, "मोठा कॉम्प्रेसर आनू."

"नको," भावोजी म्हणाले. "हवा भरपूर आहे, पाइप अरुंद आहे. त्यात जास्त कोंबलीत तर ती जास्तच दमेल. रुंद पाइप घाला, वळणं कमी करा."

"आन नाय चाललं तं?"

"तर मी नोकरी सोडतो."

चहात साखर कमी आहे असं सांगावं, तितक्या सहज ते हे बोलले. राहतं घर खाणीचंच होतं, त्यामुळे ताईने त्याच रात्री माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या.

नवा पाइप जोडला त्या सकाळी ताई आणि मी चहा घेऊन खाणीवर गेलो. यंत्र सुरू झालं. भावोजींनी वर पाहिलंसुद्धा नाही. पाइपाला हात लावून उभे राहिले. क्षणभर काहीच नाही. मग टोकाचं ड्रिल असं कडाडलं की ते धरणारा मुकादम नखशिखांत थरथरला आणि वरून ओरडला, "सायेब, लय जोर हाय! आमी टिकू, पन डोंगर नाय टिकत!"

मालक पोट धरून हसले. भावोजी सावलीत येऊन बसले. ताईने दिलेला कप त्यांच्या हातात बशीवर खडखडू लागला.

"तुम्हाला खात्री होती ना?" मी विचारलं.

"होती गं. पण म्हणून भीती वाटायची थोडीच राहते?"

ताईने कप काढून घेतला, चहा बशीत ओतला आणि चारचौघांत, भरल्या खाणीत, बशी त्यांच्या ओठांना लावली. ते मुकाट्याने प्यायले. मालकांनी नजर दुसरीकडे वळवली. मीही वळवायला हवी होती. पण मी पाहत राहिले. आता ती दोघं नाहीत, तेव्हा वाटतं, पाहिलं ते बरं झालं.