पाकिटावरचा सूर्य

मलकापूरच्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. काउंटरमागच्या भिंतीवर माझं फोटोसकट प्रमाणपत्र टांगलंय आणि त्याच्याखाली मी दिवसभर नाही-नाही म्हणत उभी असते. मलम, ओआरएसची पुडी कोणीही मागावी. गोळ्यांच्या पट्टीवर लाल रेघ असली की डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि काही गोळ्यांची वेगळी नोंदही ठेवावी लागते. लोकांना वाटतं, हे नियम मीच घरी बसून केलेत. वाचता न येणाऱ्यांसाठी मी रिकाम्या वेळात कागदी पाकिटांवर सूर्य-चंद्र काढून ठेवते, म्हणजे सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती ते कळतं. माझ्या सूर्याला नाक असतं. उगाच, माझी हौस.

दिवाळीनंतर माय संग्रामपूरहून आली, ती थेट दुकानात.

"तुह्या बहिणीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. लयच काडी झाली पोरगी. वजनाची गोळी दे."

वजनाची गोळी म्हणजे स्टेरॉइड. लग्नाच्या मुलींना आया ती गुपचूप देतात. भूक लागते, गाल भरतात, आणि आत काय बिघडतं ते कोणी बघत नाही. मी चिठ्ठी मागितली. वर, चिठ्ठी असती तरी तिला घेऊ दिली नसती, असंही ऐकवलं.

"परक्याले देतं अन् मायले कायदा शिकवतं?" असं म्हणून ती चहा न घेता गेली.

नंतर महिनाभर फोनवर दोघीही मोजकंच बोललो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. बहिणीनं दार उघडलं. चेहरा गोल, गाल टम्म, हात मात्र तसेच काडीसारखे. शेजारची काकू कौतुकानं म्हणाली, "कशी भरली हो पोरगी." माय खुशीत हसली. मला तिथं उभं राहवेना.

बहिणीला मागच्या अंगणात नेऊन विचारलं. तिनं आत जाऊन एक पाकीट आणलं. आत कात्रीनं कापलेले पट्टीचे तुकडे होते, नाव कापून गेलेलं, लाल रेघ तेवढी शिल्लक. पाकिटावर सूर्य होता. त्याला नाक होतं.

"हे कुठून आणलं, माय?"

"तुह्याच दुकानातून. तू जेवाले घरी गेल्ती. मालक म्हने, मॅडमच्या मायले नाही कसं म्हणू. मंग अजून एकडाव नेल्या. पाकीट तुह्या हातचं दिसलं, म्हून भरोशानं देल्ल्या पोरीले."

मी दुकानात नसताना त्या गोळ्या विकता येत नाहीत, हाही नियमच आहे. पण भिंतीवर माझा फोटो होता, म्हणजे विक्री माझ्याच नावावर. मालकाचा भयंकर संताप आला. त्यातच माय सहज म्हणाली, "उद्या पाहुणे गेले का बंद करून टाकू. मंग काय जरूरत?" तेव्हा मात्र मी घाबरले. इतके दिवस घेतलेली ही गोळी एकदम सोडली तर माणूस कोसळू शकतो. मी मायचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

पाहुणे आले, पोहे झाले, होकार आला. माय गल्लीत पेढे वाटत असताना मी बहिणीला घेऊन डॉक्टरांकडे बसले होते. त्यांनी मात्रा हळूहळू कमी करायला लिहून दिलं. आता तिच्या पाकिटांवर मी अर्धा सूर्य काढते, नाक न काढता. मालकाशी कडाक्याचं भांडण झालं, आणि तेव्हापासून मी डबा काउंटरमागेच खाते.

बहीण रोज संध्याकाळी मोबाइलवर चेहऱ्याचा फोटो पाठवते. मी तो मोठा करून बघते, कालचा शेजारी ठेवून बघते. चक्कर आली का, उलटी झाली का, रोज तेच विचारते. काल पहिल्यांदा गाल थोडे उतरलेले दिसले आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "ताई, लग्नाच्या आंधी तोंड पयल्यासारखं झालं अन् त्यायनं नाही म्हटलं तं?"

मी तिच्या पुढच्या पाकिटावर अर्धा सूर्य काढायला घेतला.