फुगणारा लेप आणि आरसेमामा

कारखान्यात त्यांना सगळे आरसेमामा म्हणत. त्यांनी रंगवलेल्या दारात पाहून माणसाने खुशाल भांग पाडावा. उभी हयात गाड्या रंगवण्यात गेलेली. रंगावर एक बुडबुडा दिसला तरी मामांचा जीव खालीवर होई. घरच्या भिंतीला पोपडा आला, तर जेवण अर्धं टाकून उठत.

आता मात्र कारखान्यात बसमध्ये लावायचे फायबरचे तक्ते बनू लागले होते. मामी काचेच्या कापडावर राळ फासून तक्ता तयार करत आणि मामा त्यावर आगीपासून वाचवणारा लेप फवारत. लेपाची खुबी अशी, की आच लागली की तो फुगतो, काळा फेस होऊन बसतो आणि मागच्या फायबरला झळ पोचू देत नाही. थोडक्यात, मामांनी जन्मभर जे पाप मानलं, तेच इथे पुण्य होतं.

पहिल्या चाचणीला गिऱ्हाईक बाई जातीने हजर होत्या. बर्नर पेटला, लेपावर टम्म फोड आले. मामांना राहवेना. खिशातली पट्टी काढून, बाजूने हात घालून, त्यांनी सराईतपणे सगळे फोड खरवडून टाकले. तक्ता भसकन पेटला.

"हे काय केलंत?" आग विझवून मालकांनी विचारलं.

"साफ केलं," मामा म्हणाले.

उद्याची चाचणीही बिघडली तर फवारणीची बंदूक मामांच्या मेहुण्याकडे जाईल, असं मालकांनी बजावलं. या मेहुण्याने रंगवलेल्या फाटकाला ओघळांची दाढी आली होती.

दुसऱ्या दिवशी मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मामांची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"अगं, लोक बघतायत."

"लग्नातही बघतच होते. हलू नका."

बर्नर पेटला. लेप फुगला, काळवंडला, त्याला कोबीएवढे गड्डे आले. मामा घामाघूम.

"निदान तो कोपऱ्यातला एक," ते पुटपुटले.

"एकही नाही."

"फार बेढब दिसतंय गं."

"तुम्हीही झोपेतून उठल्यावर असेच दिसता. मी खरवडते का?"

गिऱ्हाईक बाईंनी तक्त्याच्या मागच्या बाजूला तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "कोमट आहे. असेच पाठवा."

मालक हसत हसत फवारणीची बंदूक मामांच्या हाती द्यायला पुढे आले. मामींनी मनगटं सोडली नाहीत.

"आधी तो तक्ता आत न्या," त्या म्हणाल्या.