डावीकडे पाहिलं की उलटी

विंग कमांडर साहेबांना तिसऱ्यांदा उलटी झाली तेव्हा एमडी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की, यांनी सकाळी मिसळ खाल्लीय, त्यानं होत असेल. ज्या माणसानं उभी हयात लढाऊ विमानं उलटीसुलटी करून उडवली, तो माणच्या मिसळीनं आडवा होतो, असं या गृहस्थांचं निदान. मी मान हलवली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांपुढे मान हलवतो. भांडण दुसऱ्या दिवसापासून.

कंपनी माणला, आयटी पार्कच्या मागच्या अंगाला. कुणीतरी भाताचं खाचर बुजवून बांधलेली तीन मजली इमारत, खाली जिम, वर ही कंपनी. काम लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरचं. म्हणजे जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं खोटं कॉकपिट, हातात स्टिक, पायाखाली पेडल आणि डोळ्यांवर व्हीआर हेडसेट. तो घातला की आपण आकाशात. मान वळवाल तिकडचं आकाश दिसतं. सिम्युलेटरच्या देखभालीत मी तीस वर्षं काढली. आता निवृत्त होऊन पौडला राहतो, म्हणून असल्या लोकांना कुणीतरी माझा नंबर देतं.

तक्रार अशी होती. विमान सरळ उडवा, सगळं ठीक. उजवीकडे बघा, तरी ठीक. डावीकडे मान वळवून मागं बघितलं की कॉकपिट झटका खाऊन हातभर सरकायचं, क्षितिज तिरकं व्हायचं, परत जागेवर यायचं, परत सरकायचं. लढाऊ वैमानिकाला तर सारखं मागं बघावं लागतं, शत्रू तिथूनच येतो. डोळे म्हणतात आपण हललो, शरीर म्हणतं आपण खुर्चीत बसलोय. असं झालं की पोट ढवळतं. विंग कमांडर साहेब कंपनीचे सल्लागार, त्यामुळे ढवळून घ्यायला तेच. मी गेलो सोमवारी, आणि शुक्रवारी सरकारी समिती सिम्युलेटर बघायला येणार होती.

"दोष आम्हाला माहितीच आहे," एमडी केबिनमध्ये म्हणाले. "ट्रॅकिंगचा कोड त्या तांबोळी मुलीचा. प्रोबेशनवर आहे, या महिन्यात तिला मोकळं करतोय. तुम्ही फक्त तसं लिहून द्या. बाहेरच्या तज्ज्ञाचा कागद असला की समितीपुढे बरं पडतं."

म्हणजे मला यंत्र तपासायला बोलावलंच नव्हतं. एका मुलीच्या गळ्यात दोष बांधायचा होता आणि त्यासाठी माझी सही हवी होती. रुबिना तांबोळीला मी नावानं ओळखत होतो. पौडच्या एसटी स्टँडजवळ तिच्या वडिलांचं ताडपत्री-दोरखंडाचं दुकान आहे, मी तिथलं गिऱ्हाईक. मागच्या खेपेला ताडपत्री मापता मापता तांबोळीभाई म्हणाले होते, "थोरली परमनंट झाली की धाकटीलाबी इंजिनिअरिंगला घालायची हाय." काम येत नाही असा शिक्का मारून काढलेल्या मुलीला पुढं कोण उभं करतं? आणि मग धाकटी दुकानात बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण मी फार मोठा न्यायप्रिय माणूस आहे असं समजू नका. पोरीचं वय बघून मलाही वाटलं की कोडातच गडबड असणार. मी तिच्याकडे लॅपटॉप मागितला. तिनं काही न बोलता दिला, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मी म्हटलं, घुमी दिसतेय.

इथं थोडं तंत्र सांगतो. खोलीच्या दोन कोपऱ्यांत, वर, मुठीएवढ्या दोन पेट्या असतात. त्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश खोलीभर फिरवतात. हेडसेटवर बारीक सेन्सर असतात, ते हा प्रकाश पकडतात. कुठल्या सेन्सरवर तो कधी पडला यावरून कॉम्प्युटर ठरवतो की डोकं नेमकं कुठं आहे. याला ट्रॅकिंग म्हणतात. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल. एमडींना एवढंही कळत नव्हतं, तरी कंपनी चालली होती.

सोमवार आणि मंगळवार मी कोड वाचला. स्वच्छ कोड. डाव्या-उजव्याला एकच हिशोब. मग हेडसेटची वायर बदलली, कारण ती डाव्या खांद्यावरून जात होती. फरक नाही. दुसरा हेडसेट लावला. फरक नाही. चित्रं अडखळतात का तेही बघितलं. नाही अडखळत. दर तासाला एमडी येऊन एक नवीन शोध लावून जायचे. एकदा एसीची हवा. एकदा व्होल्टेज. मंगळवारी संध्याकाळी म्हणाले, कॉकपिटचं तोंड दक्षिणेला आहे, त्यामुळे तर नसेल? वास्तूवाल्यानं त्यांना तेव्हाच बजावलं होतं म्हणे. लढाऊ विमानानं दक्षिणेला तोंड करायचं नाही, हे शत्रूला कळवायला हवं.

बुधवारी मी हेडसेट कॉकपिटमधल्या सीटवर एका स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड डावीकडे मागं करून स्क्रीनवरचे आकडे बघत बसलो. हात नाही, मान नाही, माणूसच नाही. तरी आकडे नाचत होते. स्टुलावरचं डोकं हातभर इकडे, हातभर तिकडे. म्हणजे हेडसेटला प्रकाश दोन वाटांनी मिळत होता, एक खरी आणि एक कुठूनतरी उसळून येणारी. उजवीकडे बघितलं, साधी राखाडी रंगाची भिंत. डावीकडे बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस मी त्या भिंतीकडे तोंड करून चहा पीत होतो.

त्या भिंतीला कंपनीत 'सन्मान गॅलरी' म्हणतात. छतापासून कमरेपर्यंत एमडी साहेबांच्या सत्कारांचे फोटो. शाल घेताना, नारळ घेताना, फेटा बांधून घेताना. पतसंस्थेत, गणेश मंडळात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, कबड्डीच्या फायनलला. एका फोटोत तर ते स्वतःच्याच कंपनीकडून सत्कार घेत होते. आपल्याकडे माणूस जरा मोठा झाला की लोक त्याला शाल देतात, आणि तो शालीचा फोटो काचेत बसवतो. पाहुणे जिथं जास्त येतात तिथं टांगतो. इथं पाहुणे सिम्युलेटर बघायला यायचे, म्हणून चाळीसेक काचा सिम्युलेटरच्या खोलीत. न दिसणारा प्रकाश त्यांच्यावर आपटून हेडसेटवर परत येत होता.

साफसफाईचे दगडूमामा माले गावाहून येतात. दुपारी जिन्याखाली टेकायला त्यांच्याकडे काळी घोंगडी असते. ती मी मागितली.

"कशाला?" मामा म्हणाले.

"त्या भिंतीवर लावायचीय."

"सायबांच्या फोटूंवर? न्हाई बा. माजी नोकरी जाईल. रोज पुसतुया मी ते, चमक दिसाया पायजे म्हनत्यात."

"लावणार मी. तुम्ही खिडकीतून बाहेर बघा."

मामा इमानदारीनं खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. घोंगडी आणि स्टोअरमधल्या दोन काळ्या चादरी लावल्या, आकडे थांबले. काढल्या, नाचले. परत लावल्या, थांबले. विंग कमांडर साहेबांना बसवलं. त्यांनी पंधरा मिनिटं डावीकडे मागं बघत विमान घुमवलं आणि खाली उतरून विचारलं की मिसळ अजून मिळेल का.

तेवढ्यात एमडी आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "हे काय सुतक पाळताय?" मी सांगितलं. त्यावर ते जे बोलले ते मी शब्दशः सांगतो. "फोटो काढता येणार नाहीत. त्यात आमदार साहेब आहेत. कॉकपिट फिरवून घ्या." काँक्रीटमध्ये रुतलेले आठ बोल्ट उपटायचे, पण आमदारांना हलवायचं नाही. मी म्हटलं, शुक्रवारी समितीनं एकतर तुमचे फोटो बघावेत नाहीतर विमान उडवावं, दोन्ही होणार नाही. शेवटी फोटो तात्पुरते उतरवायला ते कसेबसे तयार झाले. गुरुवारी मामांनी ते एकेक करून स्टोअरमध्ये नेले.

मी खुशीत होतो. माणसाला असं काही सापडलं की तो स्वतःवर फार खूश असतो. गुरुवारी दुपारी रिपोर्ट लिहायला रुबिनाकडे जुन्या टेस्टच्या नोंदी मागितल्या. तिनं फोल्डर पाठवला. त्यात एक मेल होता, दीड महिन्यापूर्वीचा, तिनं एमडींना पाठवलेला. विषय: डाव्या भिंतीवरच्या काचा. खाली चार ओळी. रविवारी येऊन तिनं काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती, झटके बंद झाले होते, आकडे जोडले होते. उत्तर एका ओळीचं: प्लीज फोकस ऑन युअर कोड. त्याखाली एचआरचा मेमो. सन्मानचिन्हांचा अनादर केल्याबद्दल.

मी तिच्या टेबलाशी गेलो. आवाज चढलाच माझा थोडा.

"तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस? तीन दिवस घालवले मी."

"सर, तुम्ही विचारलंत कुठं?" ती म्हणाली. "आल्या आल्या लॅपटॉप मागितलात. मी म्हटलं, काचांचं नाव काढलं तर वाटेल आपली चूक झाकतेय. तुम्हाला आपलं आपण सापडलं तरच कुणी ऐकणार होतं."

एमडींवर हसत मी तीन दिवस काढले आणि केलं तेच, जे त्यांनी केलं होतं. फक्त मी ते जरा सभ्यपणे केलं.

रिपोर्ट मी तीन ओळींचा लिहिला. दोष काचांचा. कोड निर्दोष. दोष शोधला रुबिना तांबोळी यांनी, मेल सोबत जोडला आहे. एमडी म्हणाले, तिसरी ओळ काढा. मी म्हटलं, मग सहीही काढतो. शुक्रवारची समिती दारात होती, सही त्यांना हवी होती. ओळ राहिली. समितीतल्या एका बाईंनी मेल शेवटपर्यंत वाचला, मेमोसकट, आणि एमडींना विचारलं की या मुलीला आम्हाला भेटता येईल का. विमान उत्तम उडालं, सिम्युलेटर पास झाला.

तेव्हापासून कुठंही गेलो की यंत्राला हात लावायच्या आधी मी तिथल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाशेजारी खुर्ची ओढतो. निम्म्या ठिकाणी काम तिथंच संपतं. उरलेल्या निम्म्या ठिकाणी त्या माणसाला आधीच काढून टाकलेलं असतं.

रुबिना परमनंट झाली. पंधरा दिवसांनी दुकानात तांबोळीभाईंनी मला तिचं परमनंट केल्याचं पत्र दाखवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं. ते मराठी शाळेत शिकलेले, पत्र इंग्रजी. खालची एक ओळ त्यांना लागत नव्हती, ती मी वाचून दाखवली. काम समाधानकारक, संवादकौशल्यात सुधारणा आवश्यक.

"म्हंजी काय हो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे," मी म्हटलं, "तिनं लेखी कळवलं होतं."