देवघरातला परका स्वार

छंद सांगितला की लोक आधी हसतात. लढाईत मेलेल्या कॅनडाच्या सैनिकांची पदकं जमवते म्हटल्यावर माझी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती, "तुला यार, जिवंत माणसं पुरत नाहीत का?" नाहूरच्या दोन खोल्यांत आई आणि मी, म्हणजे जिवंत माणसांचा तुटवडा होताच. पण कारण ते नव्हतं.

पहिलं पदक मला मानखुर्दच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. तिथवर ते कसं पोचलं, देव जाणे. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं होतं. सहज कॉम्प्युटरवर टाकलं, तर त्या माणसाची अख्खी फाइल उघडली. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची कागदपत्रं तिथल्या सरकारने कुणालाही फुकट वाचायला ठेवली आहेत. त्यात उंची असते, छातीचा घेर असतो, किडलेल्या दातांची नोंद असते. पगारातले पैसे घरी कोणाला पाठवायचे, तिथे बहुतेकांनी आईचं नाव घातलेलं असतं. आणि मग शेवटचा शेरा, कुठे आणि कसा मेला त्याचा. तो मी दर वेळी वाचते. कुणीतरी वाचायला हवा, एवढंच.

मागच्या वर्षी त्याच भंगारवाल्याचा फोन आला. "मॅडम, राजा छाप आलाय, चांदी आहे." एका बाजूला इंग्लंडच्या राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबंब स्वार. ज्याचं पदक होतं तो शेतकऱ्याचा मुलगा, मिसरूड फुटायच्या वयाचा. चिखलात कुठेतरी गेला, देह सापडला नाही. या वेळी मी नातेवाइकांचाही माग काढला. त्याच्या बहिणीची मुलगी अजून होती, नव्वदी ओलांडलेली. तिच्या नातीने लिहिलं की आजीची आई भावाचं हे पदक मरेपर्यंत शोधत होती. आजी रोज विचारते, कधी येणार?

मी छातीठोक कळवलं, पाठवते. जुनी वस्तू परदेशी धाडायची तर सरकारी परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत काही महिने गेले. परवानगी आली त्या दिवशी मी कपाटाचा खण उघडला, तर पदक जागेवर नाही.

ते देवघरात होतं. टाकांच्या रांगेत, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची किंवा पूर्वजाची प्रतिमा. आमच्यात घरातलं कुणी लढाईत गेलं तर त्याचाही टाक करतात. घोड्यावर बसलेला वीर. आईला खणात चांदीचा घोडेस्वार दिसला आणि तिने तो उचलून पूजेत बसवला. राजाचं तोंड पाटाकडे, स्वार वर. रोज लिंबू आणि रांगोळी लावून घासतही होती. मी पदकाला साध्या फडक्यानेसुद्धा जपून हात लावते, आणि इथे नावाच्या अक्षरांत कुंकू भरलेलं!

माझं डोकंच फिरलं. "आई, हा कॅनडाचा आहे! आपला कुणी लागत नाही!"

"मेल्यार कसलो आपलो नि परको?" आई शांतपणे म्हणाली. "घोड्यार बसलो हा, लढाईत मेलो हा. वीर तो."

मी तिला त्या म्हातारीबद्दल सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि पदकावर आणखी एक फूल ठेवलं. मग आठवडाभर आम्ही कामापुरतं बोलत होतो. तिकडून निरोप येत होता, आजी विचारते आहे. मी थापा मारत होते.

शेवटी वाल सोलता सोलता आईच बोलली. "माझो भाव पण असोच गेलो."

मामा सैन्यात होता आणि वारला, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं तिने आता सांगितलं. बहिणींत तो एकुलता एक भाऊ. तार आली, दुसरं काहीच आलं नाही. वीराचा टाक त्याच्याच घराण्याच्या देवघरात बसतो. बहिणी लग्न होऊन गेल्या, आईवडील टाक न करताच गेले, माहेरच्या घराला कुलूप लागलं. आणि माहेरचा वीर सासरच्या देवांत बसवायचा नसतो.

"आता तुला विचारणारं कोण उरलंय?" मी म्हटलं. "घाटकोपरच्या सोनाराकडे जाऊन मामाचा टाक करून घेऊ."

"देव उरले हत," ती म्हणाली. "ह्यो आपल्या पायान इलो. तेच्या नावान मी माझ्या भावाक हात जोडतंय."

मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा ते कळेना. मामाचे काही कागद तरी मिळतील म्हणून मी तेव्हा कुठे कुठे पत्रं टाकली, फोन केले. सगळीकडे एकच प्रश्न, नंबर काय? शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या परमुलखातल्या पोराची कुठली दाढ किडली होती ते मला ठाऊक, आणि सख्ख्या मामाचा पलटणीतला नंबर घरात कुणालाच ठाऊक नाही. पदक हरवलं म्हणून कॅनडाला कळवून टाकावं, असंही एकदा मनात आलं.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघाले असताना आईने माझ्या हातावर पदक ठेवलं. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. कुणी परगावी निघालं की दही देतात, तसं फडक्याला दह्याचं बोट लावलेलं होतं. "धाड. तिचो मामा तो," म्हणाली आणि आत गेली.

पदक पोचलं. नातीने फोटो पाठवला. म्हातारीने पदक छातीशी धरलं होतं आणि शेजारी चौकटीत त्या मुलाचं छायाचित्र होतं. फाइलमध्ये फोटो नसतो, मीही त्याला पहिल्यांदाच पाहत होते. बाहेर आलेले कान, डोक्याला मोठी झालेली टोपी. मी हरखून आईला दाखवायला गेले. तिला बरं वाटेल, असं मला खरंच वाटलं होतं.

तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग मोबाइल उलटा करून ठेवला.

"माका माझ्या भावाचो चेहरो आठवणा नाय गो," ती म्हणाली. "लहान होतंय मी. फोटो कधी काढलोच नाय. घोड्यारच्याक तोंड नीट दिसा नाय, म्हणून बरा होता. माझो भाव म्हणून बघी मी. आता डोळे मिटलंय काय ह्योच पोरगो दिसतलो."

मी तिच्यासमोरच तो फोटो पुसून टाकला. पण तिने तो बघितला होता.