जिवंत माणसाचं तेरावं

डिसेंबरचा गारठा होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बहात्तर साल. चिकलठाण्याकडं नवे कारखाने उठत होते, शहर फुगत होतं, अन् गुलमंडीमागच्या गल्लीत नळ चार दिवसांनी यायचा. कालिंदीनं उजाडताच हंडे-घागरी ओसरीखाली काढून ठेवल्या होत्या. वर ओसरीवर तिचा नवरा बद्रीनाथ बसला होता, परक्या पाहुण्यासारखा. वर्षभर पाकिस्तानच्या कैदेत राहून तो कालच आला होता, आणि बापानं त्याला अजून उंबरा ओलांडू दिला नव्हता.

बद्रीनाथ बॉम्बर विमानावरचा नॅव्हिगेटर. वैमानिकाला दिशा सांगायचं काम त्याचं. मागच्या डिसेंबरात विमान पेटलं, तो पॅराशूटनं शत्रूच्या उसात उतरला, अन् घरी तार आली: बेपत्ता. बाप व्यंकटराव भिक्षुकी करायचे; घरात त्यांना नाना म्हणत. त्यांनी महिनाभरही धीर धरला नाही. देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं. चार महिन्यांनी कैदेतून पत्र आलं तेव्हा पेढे वाटले, पण कालिंदीचं कपाळ मोकळंच राहिलं.

"क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याचा नवा जन्म करावा लागतो, बद्री," नाना दारातून म्हणाले. "तुपानं स्नान, बारसं, मुंज, मग कालिंदीशी पुन्हा लग्न. तोवर तिला कुंकू नाही अन् तुला घर नाही."

"पाळणा आणलाय का, का झोळीतच घालता?"

"दुष्काळात लोक रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊ ऱ्हायलेत, अन् इथं अंगाला तूप," भांडी घासणारी साळूबाई हातातल्या पातेल्यालाच म्हणाली. "लई भारी शास्तर."

"बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायचं, हेही शास्त्रच ना, नाना?" बद्रीनाथनं विचारलं.

"विमान जळालं होतं."

बद्रीनाथ उठला. "तिथं एक अफसर रोज विचारायचा, तळ कुठं, विमानं किती. मी नाव, हुद्दा, नंबर एवढंच सांगायचो. एकदा म्हणाला, घरच्यांनी तुला केव्हाच जाळलं असेल, कुणासाठी गप बसतोस? मी हसलो त्याला. माझा बाप तसा नाही म्हणालो. वैऱ्यापुढं खोटं पाडलंत मला. मी मेलो नव्हतो. मी पुन्हा जन्मणार नाही."

"मग राहा ओसरीवर."

"हो, राहा की," कालिंदी म्हणाली. "तुमचं भागेल ओसरीवर. लोक येतील, हार घालतील. पत्र आलं त्या दिवशी मी कुंकू लावलं होतं. नानांनी पुसायला लावलं. जित्या नवऱ्याची विधवा होऊन आठ महिने पाणी भरलं मी. तुम्हाला सोडवायला सरकार होतं. मला कोण होतं?"

ती आत गेली, देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन नानांसमोर उभी राहिली, अन् आरशाशिवायच कपाळावर बोट टेकवलं.

"तुझ्या हातचं पाणी मला चालायचं नाही, सूनबाई."

"नळ यायलाच झालाय. तुमची घागर तुम्ही भरा." मग ती नवऱ्याकडं वळली. "नीट लागलं का?"

"थोडं डावीकडं घे."

तिनं घेतलं.

गल्लीत पाण्याची ओरड झाली, कालिंदी हंडा उचलून निघाली. बद्रीनाथ नानांच्या अंगावरून आत गेला, मोरीतली उरलेली कळशी उचलली अन् बाहेर येऊन कालिंदीमागं चालू लागला. नळाला करंगळीएवढी धार होती. कळशी तोटीखाली उभी बसेना, म्हणून तो उकिडवा बसून ती तिरकी धरून राहिला.